तीन मिलिमीटर

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात वजनकाटा येतो तो वजन वाढलंय का हे बघायला. अंगणवाडीत वाशाला टांगलेला काटा असो की आरोग्य केंद्रातला बाळांचा तराजू, भोवती जमलेल्या सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: काटा जरा पुढं सरकू दे. शंभर ग्रॅम वाढले तरी अंगणवाडीताई दोनदा वाचून खात्री करते आणि मगच रजिस्टरात लिहिते. अशा जिल्ह्यात राहून ज्याला वजन कमी करायचं असेल, त्यानं ते गुपचूप करावं. मला तेवढं जमलं नाही.

झालं असं, की आमच्या शाळेत मुलांच्या तपासणीला आरोग्य पथक आलं. मी विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळे काट्याशी संबंधित कामं माझ्याकडे येतात. पाचवीतली दोन पोरं काट्यावर चढायला घाबरत होती. त्यांची भीती मोडावी म्हणून मी म्हटलं, "हे बघा, काही होत नाही," आणि स्वतःच चढलो. काही होत नाही हे खोटं ठरलं. आकडा आला 92.4. मागून एक बारीक आवाज आला, "सर, आम्ही तिघं मिळून एक सर होतो." गणित बरोबर होतं, त्यामुळे रागावताही येईना.

पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी उंची विचारली. 168 सेंटिमीटर. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "सर, 32.7. आपल्या लोकांना 25 च्या पुढं लठ्ठ म्हणतात." मग हातातल्या रजिस्टराकडे पाहून त्या म्हणाल्या, "यात कुपोषणाचे मध्यम आणि अतितीव्र असे दोन रकाने आहेत, पण दोन्ही उलट्या बाजूचे. तुमच्यासाठी आमच्याकडे रकानाच नाही."

सरकारी नोंदींचं म्हणाल तर, देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिलं गेलं. त्यासाठी बोटांचे ठसे घेतात, डोळ्यांच्या बुबुळांचा फोटो घेतात, पण वजन घेत नाहीत. या गोष्टीबद्दल मी सरकारचा कायम ऋणी आहे.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्याकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. तिथं अश्वत्थामा राहतो, कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागत फिरतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. दिवाळीत हजारो माणसं ती चढण चढून त्याच्या दर्शनाला जातात. सौ.नं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं त्या बिचाऱ्याला तेल का मिळत नाही, ते आज कळलं. सगळं आपल्या शेवभाजीच्या तर्रीत आलंय."

यात शेवभाजीचा एकटीचा दोष नाही. सीमेवर राहण्याचे तोटे लष्करी असतात असं लोकांना वाटतं. खरे तोटे पोटाचे असतात. नंदुरबारचा माणूस सकाळी गुजराती असतो: फाफडा, खमण, जिलेबी. दुपारी तो खानदेशी होतो: वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. रात्री भाकरी चुरून शेवभाजी. दोन प्रांतांनी आपापलं उत्तम ते आमच्या ताटात टाकलं आणि ते पचवण्याची जबाबदारी एकट्या नंदुरबारवर सोपवली. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधून सीमारेषा जाते. मी त्या बाकावर बरोबर मधोमध बसून पाहिलं आहे. निम्मं वजन गुजरातच्या नावे टाकता आलं तर 46 किलो भरतो. पण कोणतंही राज्य मान्य करत नाही.

त्याच आठवड्यात जिना उतरताना गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सल्ला दिला की वजन उतरवा, पण पळून नको. पोहा. पोहण्यात गुडघ्यावर भार येत नाही. हे मीच आठवीला शिकवतो: गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायावर शरीराचा जेमतेम दहावा हिस्सा येतो, कमरेइतक्या पाण्यात निम्मा. म्हणजे गळ्याइतक्या पाण्यात मी सव्वानऊ किलोचा. त्या क्षणी मला पोहणं फार आवडलं.

प्रश्न पाण्याचा होता. शहरातल्या तरणतलावात पोहायचं तर टोपी लागते, चष्मा लागतो आणि अंगाला घट्ट बसणारी एक चड्डी लागते. ती माझ्या मापाची मागवली तर दुकानदार सुरतेला फोन करतो. शिवाय तिथं माझे विद्यार्थी येतात. शिक्षकानं विद्यार्थ्यांसमोर फळा सोडून दुसरं काही उघडं टाकू नये, या मताचा मी आहे. म्हणून मी आप्पांची विहीर धरली.

आप्पा माझे जुने स्नेही. प्रकाशा गावाच्या रस्त्याला त्यांची केळी आणि पपई आहे आणि मधोमध वीस फूट व्यासाची बांधीव विहीर. मी पोहायला शिकलो ते अशाच विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून, मामानं ढकलल्यावर. तेव्हा डबा मला तरंगवायचा. आता डब्याची गरज नव्हती. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, त्यामुळे माझ्यासारखा माणूस बुडायचा म्हटलं तरी पाणी त्याला परत वर पाठवतं. आयुष्यभर लोकांनी ज्यावरून टोमणे मारले, तो साठा पहिल्यांदाच कामी आला. आप्पांचा एकच नियम होता: काठावर कुणीतरी बसलेलं असल्याशिवाय आणि पायरीला दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही. तो नियम मी आजही पाळतो. पट्टीचा पोहणाराच बुडतो, असं म्हणतात. मी पट्टीचा नाही, पण धोका कशाला?

मे महिना होता. विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती आणि मोटरीच्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल अर्धा पाण्याबाहेर उघडा पडला होता. तो उघडा पडला की मोटर पाणी सोडून हवा ओढते. आप्पा काठावरून ओरडले, "मास्तर, तुम्ही उतरा. पानी वाढनं का मोटर चालू करस!"

मी विज्ञानाचा माणूस. पोहता पोहता हिशेब मांडला. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. म्हणजे मी 92 लिटर सारणार. वीस फूट व्यासाच्या विहिरीचा पृष्ठभाग 29 चौरस मीटर. भागाकार केला तर पाणी वर चढतं जेमतेम तीन मिलिमीटर. आर्किमिडीज टबातून तसाच उघडा ओरडत बाहेर पळाला अशी गोष्ट सांगतात; माझ्या अंगावर कपडे असूनही मी ओरडलो नाही. 92 किलो वजन, जिल्हाभर चर्चा, बायकोचे टोमणे आणि एवढ्या सगळ्याचा या विहिरीवर परिणाम किती, तर तीन मिलिमीटर! मी आप्पांना सांगितलं. त्यांनी फुटव्हॉलकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग वहिनीसले बी आना."

हे मी घरी सांगितलेलं नाही. इथं वाचलं तर वाचलं.

महिनाभर रोज सकाळी अर्धा तास मी नेमानं पोहलो. उताणं पोहलो, हात मारत पोहलो, एकदा सूरही मारला. त्यानंतर विहिरीतली बेडकं दोन दिवस दिसली नाहीत. महिन्यानं शाळेतल्या काट्यावर दार लावून चढलो. 93.1.

काटा बिघडलाय म्हणून मी विटांनी तपासला. काटा ठीक होता. मग वही काढून बसलो. माझ्यासारख्या देहानं अर्धा तास बऱ्यापैकी पोहलं तर पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी जळतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. म्हणजे महिन्याला एक किलो, पण त्यासाठी दोन अटी. पहिली, अर्धा तास पोहण्यात जावा. माझ्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं पायरी धरून आप्पांशी कापसाच्या भावावर बोलण्यात जात होती. दुसरी अट, नंतर जादा खाऊ नये. आणि इथं खानदेश आडवा आला.

विहिरीतून बाहेर आलं की भूक अशी लागते, की आपण पोहून आलो की दुष्काळातून आलो हे कळत नाही. आणि आप्पांच्या घरची वहिनी विहिरीवरून आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाही. भरीत, पुरी, कांद्याची पात, वर ताक. "पव्हीसन उनात, भूक लागनी व्हई," असं म्हणून ती चौथी पुरी वाढायची. मी नाही म्हणायचो, पण ताट तिच्याकडे सरकवून म्हणायचो. गावात परतलो की नाक्यावर जिलेबी. शंभर ग्रॅम जिलेबीत तीनशेच्या वर कॅलरी असतात. म्हणजे विहिरीतला अर्धा तास एका पुड्यात परत.

ही भूक माझ्या एकट्याचा खादाडपणा नाही, याचा पुरावा मला नंतर सापडला, आणि तो मी सौ.ला दोनदा वाचून दाखवला. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा पुरुषांना पाण्यात बुडवलेल्या सायकलवर 45 मिनिटं पाय मारायला लावले, एकदा 33 अंशाच्या कोमट पाण्यात आणि एकदा 20 अंशाच्या गार पाण्यात. दोन्ही वेळा खर्च झालेली ऊर्जा जवळजवळ सारखीच. मग त्यांना हवं तेवढं खाऊ दिलं. गार पाण्यातून आलेल्यांनी कोमट पाण्यातून आलेल्यांपेक्षा 44 टक्के जास्त खाल्लं. म्हणजे फ्लोरिडात वहिनी नसतानाही हे झालं. सौ. म्हणाली, "मग गरम पाण्यात पोहा. बंब तापवू का?"

माझा एक जुना विद्यार्थी आता गावात व्यायामशाळा चालवतो. शाळेत त्याला विज्ञानात 35 मिळाले होते. मीच दिले होते. त्यानं मला शांतपणे समजावलं, "सर, नुसतं पोहून नाही होणार. कॉम्बो पाहिजे." कॉम्बो हा शब्द मला फक्त हॉटेलाच्या पाटीवरून ठाऊक होता. पण पोरगं बरोबर बोलत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलंय ते हेच: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लावायचं काम. पाणी अंगाचा भार उचलतं हे गुडघ्याला सुख, पण त्यामुळेच हाडांना आणि मांड्यांना जमिनीवरचं काम उरत नाही. ते वेगळं द्यावं लागतं. पोहणं, चालणं, वजन उचलणं. 35 मार्कांत एवढं येत असेल, तर मी पेपर कडक तपासत होतो हे मान्य.

मग सुरू झाली व्यायामाची खिचडी. आधी सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले होते. मास्तरांना सूट होती की नाही कोण जाणे, पण असावी असं माझं सहावा नमस्कार घालताना मत झालं. शेजारचे निवृत्त तलाठी गच्चीवरून मोजायचे आणि प्रत्येक वेळी एक कमी मोजायचे. जुन्या सवयी. चेतक महोत्सवाच्या वेळी सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारात गेलो, तर घोडेस्वारीचीही चौकशी केली. व्यापाऱ्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग घोड्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "टांगा बघा ना साहेब."

वजन उचलण्यासाठी आप्पांनी केळीचा फड दिला. गाडी भरायची होती. मजूर एकेक घड खांद्यावर टाकून सरीतून धावल्यासारखे ट्रककडे जात होते. एक घड वीस किलोला सहज असतो. मी चार उचलले, पाचव्याला कंबर म्हणाली, पुरे. त्या पोरांनी त्या सकाळी किती उचलले ते मी मोजायला गेलो आणि चाळिशीनंतर मोजणं सोडून दिलं. सगळे काटकुळे. आठवड्याला दोन दिवस ताकदीचं काम करा, असं कुणी त्यांना सांगायला गेलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं की उरलेले पाच दिवस मजुरी कोण देणार.

सगळ्यात गुणकारी व्यायाम मात्र मला चालता चालता मिळाला. हिवाळ्यात नंदुरबारच्या आजूबाजूला मिरचीच्या पथारी पडतात. मोकळ्या माळावर जिथवर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. पाहायला गालिचा, वारा सुटला की शिक्षा. मी विहिरीवरून चालत परतताना मुद्दाम पथारीच्या कडेचा रस्ता धरू लागलो. एका फेरीत सरासरी साठ शिंका. शिंकेला पोटाचे सगळे स्नायू कामाला लागतात, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अंगाला घाम. आणि घरी पोचेपर्यंत तोंडाची चव अशी गेलेली असते, की जिलेबीच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाता येतं. पोहणं अधिक मिरची. या कॉम्बोचं पेटंट घ्यायला हरकत नाही, पण पथारीवर दिवसभर मिरच्या निवडणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधून माझ्याकडे पाहून हसतात. त्या तिथं आठ-आठ तास असतात.

वजन उतरायला लागलं ते यानंतर. पण त्याच सुमारास असं काही डोक्यात आलं, की माझी वही मला थोडी ओशाळवाणी वाटू लागली.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा आहे. धरणाच्या पाण्यानं तिथले रस्ते गिळले, त्यामुळे काठावरच्या काही पाड्यांना होडीशिवाय जाता येत नाही. 2020 साली लॉकडाउन लागला तेव्हा तिथली माणसं संसर्गाच्या भीतीनं अंगणवाडीत यायची थांबली. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडीताई रेलू वसावे यांनी मासेमाराची होडी मागून घेतली आणि आठवड्यातून पाच दिवस, एकूण 18 किलोमीटर होडी वल्हवत अलिगाट आणि दादर या गावी जाऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी ते छापलं, देशभर कौतुक झालं. होडीतून उतरल्यावर आहाराची पाकिटं घेऊन डोंगरातली चढण चालायची, पाड्यावर पोचायचं, गर्भवतींची विचारपूस करायची, बाळं तपासायची, त्यांचं वजन घ्यायचं आणि मग परत होडी.

मी सवयीनं हिशेब मांडायला बसलो. वल्हवणं: हात, पाठ, खांदे. चढण: मांड्या, श्वास. ओझं उचलणं: ताकदीचं काम. पाणी, चालणं आणि वजन, तिन्ही एका दिवसात. जागतिक आरोग्य संघटनेची अख्खी शिफारस त्या ताईंनी दोन-चार दिवसांत उरकली असणार. पेन कागदावर ठेवला आणि लक्षात आलं, की या सगळ्या व्यायामाच्या शेवटी एक काटा आहे आणि तो वर सरकावा म्हणून ती वल्ही चालली आहेत. मी खाली सरकवण्यासाठी विहिरीत उड्या मारतोय. वही मिटली. त्या संध्याकाळी पुरी खाल्ली नाही. तत्त्वासाठी नाही, घशाखाली उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी खाल्ली. माणूस आहे मी.

पण दोनच खाल्ल्या, आणि मोजून खायची सवय राहिली. आता वेळापत्रक ठरलंय. आठवड्यातून चार दिवस विहीर, पोहून झाल्यावर नाक्यावर काही न खाता चालत घरी, दोन दिवस केळीचे घड (प्रगती आहे, नऊपर्यंत आलोय), रविवारी शेवभाजी. आणि वहिनीला मी समोर बसून सांगितलं, की पुरीऐवजी भाकरी आणि भरिताला तेल कमी. तिनं ते इतकं मनावर घेतलं, की आप्पांच्याही ताटातलं तेल कमी झालं. तेव्हापासून आप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आठ महिन्यांनी आरोग्य पथक पुन्हा शाळेत आलं. डॉक्टरीणबाईंनी मुलांची तपासणी संपवली, रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चढलो. 88 किलो. पाचवीतली ती पोरं आता सहावीत होती आणि तीही वाढली होती, एक तर तीन किलोंनी. मागून तोच आवाज आला, "सर, आता तिघं मिळून तुमच्यापेक्षा जास्त होतो!" डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्या पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "शाब्बास." माझ्याकडे बघून मान हलवली तेवढीच.

दुसऱ्या दिवशी ही बातमी घेऊन विहिरीवर गेलो. आप्पांना अभिमानानं सांगितलं, की जवळजवळ साडेचार किलो उतरलो. त्यांनी नेहमीसारखं काठावर वाकून पाणी पाहिलं आणि विचारलं, आता किती चढतं? मी पायरी धरून हिशेब केला. 88 भागिले 29. अजूनही तीन मिलिमीटरच. फरक म्हणाल तर मिलिमीटरचा सातवा हिस्सा.

नंदुरबारला आलात तर भेटा. सोमवार ते गुरुवार सकाळी सहा ते साडेसहा मी प्रकाशाच्या रस्त्याला आप्पांच्या विहिरीत असतो. येताना फाफडा आणू नका.